मुदत पाळली, न्याय कुठे?

24 डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. 1986 मध्ये याच दिवशी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, त्याची ही आठवण. तेव्हाच्या ग्राहकाचे भांडण भेसळीशी आणि मापातल्या पापाशी होते. आजच्या ग्राहकाचे नुकसान अशा दप्तरातही होते, जिथे त्याने कधी पाऊल ठेवलेले नसते. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या आपल्या कर्जांचा इतिहास सांभाळतात. त्यावरून निघणारा 300 ते 900 मधला आकडा आपली पत ठरवतो.

हा अहवाल उघडला की प्रत्येक कर्जाखाली महिन्यांची पट्टी दिसते. हप्ता वेळेवर गेला तर शून्य. थकला तर थकल्याचे दिवस. दुचाकीचे कर्ज कधीच फिटलेले असते, ना-देय दाखला कपाटात असतो, तरी इथे शेवटचा हप्ता थकीतच राहतो. नावाच्या साधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर चढते. आपला पॅन वापरून भलत्याच कुणी ॲपवरून उचललेले आठ-दहा हजार बुडीत म्हणून लागतात. हे कळते कधी? घर पसंत पडून टोकन दिल्यावर बँक फाइल परत करते तेव्हा.

यावर उपाय नाही असे नाही. 2005 च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याने दुरुस्तीचा हक्क दिला. त्याला दात आले ते रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर 2023 च्या आदेशाने, जो 26 एप्रिल 2024 पासून लागू झाला. तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. कर्ज देणाऱ्या बँकेने 21 दिवसांत सुधारित माहिती कंपनीला पाठवायची. ती पाठवली नाही तर भुर्दंड बँकेला, पाठवूनही कंपनी रेंगाळली तर कंपनीला. ‘आमच्याकडून झालेय, तिकडे विचारा’ ही टोलवाटोलवी या विभागणीमुळे महाग झाली, हे श्रेय रिझर्व्ह बँकेला द्यायलाच हवे.

पण मुदतीने वेग मोजता येतो, खरेखोटे नाही. कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही. ती कर्ज देणाऱ्या संस्थेला विचारते. म्हणजे जिने चूक केली, तिच्याकडेच चौकशी. तिने विसाव्या दिवशी ‘आमची नोंद बरोबर आहे’ असे उत्तर दिले की मुदत पाळली गेली, तक्रार निकाली निघाली, भरपाईचा प्रश्नच उरला नाही. नकाराची कारणे कळवावीत असे नियम सांगतो. कर्जाच्या अर्जावरची सही किंवा रक्कम कुठल्या खात्यात जमा झाली, हे दाखवा असे तो सांगत नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी, असा हा न्याय आहे.

सातबाऱ्यावरचा फेरफार प्रमाणित होण्याआधी हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस मिळतात. तलाठी कार्यालयाला कितीही नावे ठेवली तरी क्रम तिथे बरोबर आहे: आधी विचारणा, मग नोंद. पतमाहितीच्या दप्तरात आधी नोंद, मग हरकत. थकबाकी कळवताना ग्राहकाला एसएमएस पाठवावा, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे. पण कर्ज तोतयाने घेतले असेल, तर तो एसएमएस तोतयाच्याच मोबाइलवर जाणार.

भरपाईही तोकडी आहे. महिनाभराच्या विलंबाचे मिळणार 3,000 रुपये. याउलट 30 लाखांचे गृहकर्ज 20 वर्षांसाठी साडेआठऐवजी नऊ टक्क्यांनी घ्यावे लागले, तर हप्ता दरमहा साडेनऊशे रुपयांनी वाढतो आणि शेवटी सव्वादोन लाखांहून अधिक जादा जातात.

म्हणून दोन दुरुस्त्या हव्यात. ग्राहकाने कर्ज आपले नसल्याचे सांगितले की ते त्याचेच असल्याचा पुरावा संस्थेने द्यावा. न दिल्यास नोंद काढली जावी. आणि चुकीच्या नकारालाही विलंबासारखाच दंड लागावा.

तोवर ग्राहकाने हातचे सोडू नये. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देणे बंधनकारक आहे. तो कर्जाची गरज नसताना मागवावा. तक्रार क्रमांक आणि तारीख लिहून ठेवावी, 30 दिवसांत दाद लागली नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तिथे शुल्क नाही. न मागितलेला हक्क कागदावरच राहतो, आणि तक्रारी आल्याच नाहीत तर नियम पुरेसा आहे असे म्हणायला बँका मोकळ्या.