पटावरील नांवें

शाळेची खबर घ्यावयाची म्हणजे निकाल विचारावयाचा, अशी आपल्या घरांतून जुनी रीत आहे. या सदरांत आम्हीहि आजवर तीच पाळीत आलों. परंतु गेल्या पौषांत आमच्या गांवच्या हायस्कुलांत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला, त्यास जुने शिक्षक या नात्यानें आम्ही हजर होतों, आणि परत येतांना निकालाहून निराळीच एक वार्ता घेऊन आलों. ती वाचकांच्या कानावर घालणें आम्हांस अवश्य वाटतें. कारण ती जितकी शाळेची आहे, तितकीच आपणां सर्वांच्या घरची आहे.

मेळावा मोठ्या थाटाचा झाला. चाळीस वर्षांपूर्वीं दहावी होऊन बाहेर पडलेलीं मुलें व्हॉट्सॲपवर एकमेकांस शोधून काढून एकत्र जमलीं होतीं. मुलें म्हणावयाचीं तीं आमच्या संवयीनें; त्यांतील कित्येकांच्या डोक्यावर आमच्याहून कमी केस होते. कोणी पुण्याहून, कोणी बंगळुराहून, आणि एकजण तर खास या दिवसासाठीं अमेरिकेहून आलेला. जुन्या बांकांवर दाटीवाटीनें बसून त्यांनीं आमच्याकडून पुन्हां हजेरी घेवविली. एका बाईंनीं 'हजर' म्हणतांना डोळ्यांस पदर लावला. शाळेस त्यांनीं एक डिजिटल फळा व पिण्याचें पाणी शुद्ध करण्याचें यंत्र अर्पण केलें, आणि आम्हां म्हाताऱ्यांस शाल व श्रीफळ दिलें. त्यांचें प्रेम खरें होतें, याविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं.

त्यानंतर अहवालवाचन झालें. सर्व वार्ता शुभच होत्या. १३ मे २०२५ रोजीं दहावीचा निकाल जाहीर झाला, त्यांत सबंध राज्यांत शेंकडा ९४.१० मुलें उत्तीर्ण झालीं होतीं. आमच्या शाळेचा आंकडा त्याहून सरस निघाला होता. संस्कृतांत दोघी मुलींस शंभरांपैकीं शंभर गुण मिळाले होते. जगन्नाथ शंकरशेट यांच्या नांवाची संस्कृतची शिष्यवृत्ति १८६६ सालीं स्थापन झाली. चिंतामणराव देशमुख १९१२ सालीं मॅट्रिक्युलेशनच्या परीक्षेंत पहिले आले व ही शिष्यवृत्तिहि त्यांनींच मिळविली. पुढें १९४३ सालीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ही गोष्ट आम्ही वर्गांत दर वर्षीं सांगत असूं. त्या दोघींचीं नांवें वाचलीं गेलीं, तेव्हां ती आठवून आमची छाती भरून आली. अहवालांत खेळ होते, विज्ञानप्रदर्शन होतें, वृक्षारोपणहि होतें. एक आंकडा मात्र त्यांत नव्हता. तो पांचवीच्या पटाचा.

चहाच्या वेळीं मुख्याध्यापिकाबाईंनीं तो आम्हांस हळूच सांगितला. आमच्या वेळीं पांचवीच्या चार तुकड्या असत, आणि आणखी एक काढावी कीं काय, यावरून शाळासमितींत खडाजंगी होई. यंदा तेथें एकच तुकडी आहे, व तीहि भरलेली नाहीं.

बाईंनीं पुढें जें सांगितलें, तें प्रत्येक पालकानें समजून घेण्याजोगें आहे. अनुदानित शाळेंत शिक्षकांची संख्या मुलांच्या संख्येवरून ठरते. तिला संचमान्यता म्हणतात. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयानें तिचे निकष बदलले, व लहान पटाच्या शाळांस ते जड जात आहेत. पट घटला कीं पद जातें. पद गेलें कीं शिक्षक 'अतिरिक्त' ठरून दुसरीकडे पाठविला जातो. मग विज्ञान शिकविणारानेंच भूगोल शिकवावा अशी पाळी येते. आणि 'त्या शाळेंत शिक्षकच नाहींत' असें ऐकून पुढल्या वर्षीं आणखी चार पालक पाठ फिरवितात. त्यांत १ सप्टेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाला, कीं पहिली ते आठवीच्या वर्गांस शिकविणाऱ्या ज्या शिक्षकांची पांच वर्षांहून अधिक नोकरी शिल्लक आहे, त्यांनीं दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा दिली व तींत ते उत्तीर्ण झाले पाहिजेत. शिक्षकांच्या खोलींत पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ मधल्या सुटींत बालमानसशास्त्राचीं पुस्तकें उघडून बसलेले आम्हीं स्वतः पाहिले.

चहा झाल्यावर बाई पुन्हां सभेपुढें उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आपण फळा दिलात, यंत्र दिलेंत, शाळा आपली ऋणी आहे. आतां एकेक नांव द्या. पांचवीच्या पटावर लिहावयास एकेक नांव."

सभा स्तब्ध झाली. कोणी छताकडे पाहूं लागला, कोणी मोबाइल चाळूं लागला. तेवढ्यांत मागल्या बांकावरून, जेथून पूर्वींहि असेच प्रश्न येत असत, एक आवाज आला, "सर, आपली नात कोणत्या शाळेंत आहे?"

विचारणाराच्या मनांत कुचेष्टा नव्हती. तरी आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. आमची नात गांवाबाहेरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत चौथींत आहे. पिवळी बस तिला रोज सकाळीं कोपऱ्यावरून घेऊन जाते.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं हा विषय घरांत काढला. एकत्र कुटुंबांत असा विषय काढला कीं प्रत्येकास मत असतें, आणि तें ऐकून घ्यावें लागतें. आम्हीं मोठ्या आवेशानें विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा दाखला दिला. शास्त्रीबोवांनीं सरकारी नोकरी सोडली, टिळक व नामजोशी यांच्या साह्यानें १८८० सालीं पुण्यास शाळा काढली. पुढें ज्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आमच्या हातीं जन्मभर राहिला, ते वामन शिवराम आपटे तींत आले, पाठोपाठ आगरकर आले, वगैरे वगैरे. सूनबाई बँकेंत नोकरीस आहे, व तिचा हिशेब पक्का असतो. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "अण्णा, त्या शाळेचें नांव काय होतें?"

नांव न्यू इंग्लिश स्कूल असें होतें. आम्हांस पुढें बोलतां येईना.

तिचें म्हणणें खोडून काढण्यासारखें नव्हतें. त्या काळीं हायस्कुलांतील बहुतेक विषय इंग्रजींतूनच शिकवीत, आणि त्या मंडळींपैकीं कोणीहि इंग्रजी विद्येचा द्वेष केला नाहीं. १८८४ सालीं रानडे, भांडारकर प्रभृतींच्या प्रयत्नानें पुण्यास मुलींचें हायस्कूल निघालें, आज ज्यास आपण हुजूरपागा म्हणतों. तेथेंहि मुलींस इंग्रजी शिकविलेंच. तेव्हां 'इंग्रजी नको' एवढ्या एका मुद्द्यावर जुन्या शाळेचा कैवार घेणें हा इतिहासाचा विपर्यास होईल. आमच्या शाळेंतहि आतां गणित व विज्ञान इंग्रजींतून शिकविणारी सेमी-इंग्रजी तुकडी आहे. चिपळूणकरादि मंडळींचा आग्रह होता तो शाळा आपल्या माणसांच्या हातीं असावी, आणि शिक्षण सामान्य गृहस्थास परवडावें, याविषयीं. त्यापायीं त्यांनीं अंग झिजविलें. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या सेवेंत वीस वर्षें दरमहा ७५ रुपयांवर राहण्याचें गोपाळराव गोखल्यांनीं पत्करलें होतें. सूनबाईस आम्हीं हें सांगितलें, तेव्हां ती म्हणाली, "त्यांनीं आपलें आयुष्य दिलें. मीं माझ्या मुलीचें द्यावें असें आपण म्हणतां." या वाक्यानें आम्हांस रात्रभर झोंप लागूं दिली नाहीं.

जागेपणीं आम्ही शाळेचें नुकसान नेमकें कोठें झालें, याचा विचार करूं लागलों. १९१९ सालीं काले येथें भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, व पुढें साताऱ्याच्या वसतिगृहांत निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र ठेवलीं. तेवढें मोठें कार्य आमच्या हायस्कुलानें केलें नाहीं. तथापि एका बांकावर वकिलाचा मुलगा व कुंभाराची मुलगी बसत असे, हें आमच्या डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. त्या मुलाचे वडील मोठे खटपटी गृहस्थ होते. सहामाही झाली कीं मुलाची उत्तरपत्रिका घेऊन ते शाळेंत हजर होत. या समासाचा विग्रह बरोबर असतां अर्धा गुण कां कापला? भूगोलाचा नकाशा जुना कां? प्रयोग फळ्यावर कां, टेबलावर कां नाहीं? आम्हांस त्यांचा अतिशय राग येई. परंतु त्यांच्या धाकानें आम्ही घरून तयारी करून जात असूं, आणि त्या तयारीचा लाभ शेजारीं बसलेल्या कुंभाराच्या मुलीसहि तितकाच होई. तिच्या बापास तक्रार लिहितां येत नव्हती. ती वकीलसाहेबांनीं, त्यांच्या ध्यानींमनीं नसतां, तिच्याहि वतीनें केली होती. पुढें आपण पांढरपेशे लोक एकामागून एक त्या शाळेंतून निघून आलों. येतांना मुलांबरोबर आपली कटकटहि घेऊन आलों. आज जीं मुलें तेथें बसलीं आहेत, त्यांच्यासाठीं अर्ध्या गुणावरून भांडावयास कोणी उरलें नाहीं.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हां आम्हीं घरीं पेढे वांटले होते. १६ एप्रिल २०२५ च्या निर्णयानें पहिलीपासून हिंदीची सक्ती झाली, तेव्हां निषेधाच्या पत्रांत आमचेंहि एक पत्र होतें. २९ जून रोजीं सरकारनें या बाबतींतले निर्णय मागें घेतल्याचें जाहीर केलें, त्याचें आम्हांस समाधान वाटलें. तो निषेध योग्यच होता. परंतु तीं पत्रें लिहिणाऱ्या आमच्या ओळखीच्या मंडळींपैकीं किती जणांच्या घरचें मूल मराठी शाळेच्या पटावर आहे, हें त्या रात्रीं आम्ही बोटांवर मोजूं लागलों, आणि एका हाताचीं बोटेंहि पुरीं होईनात.

पुढल्या आठवड्यांत, आम्हीं कांहींएक सुचविलें नसतां, सूनबाईनें अर्ध्या दिवसाची रजा काढली व शाळा आंत जाऊन पाहिली. सायंकाळीं तिनें एक कागद आमच्यापुढें ठेवला. त्यावर सात कलमें क्रमवार लिहिलीं होतीं. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारास कडी नाहीं. ग्रंथालयाच्या वहींत शेवटचें पुस्तक दिल्याची तारीख सहा महिन्यांपूर्वींची आहे. सूक्ष्मदर्शकावर धूळ आहे. डिजिटल फळा चालविणें दोघांच शिक्षकांस येतें. इंग्रजीच्या तासास बाई अर्थ सांगतात, मुलें स्वतः एक वाक्य बोलत नाहींत. सातवींत तीन मुलांस मराठी धडा अडखळल्यावांचून वाचतां येत नाहीं. सातवें कलम आमच्यासाठीं होतें: 'निवृत्त शिक्षक गांवांत मोकळे आहेत, त्यांस शाळा बोलावीत नाहीं, व ते आपण होऊन जात नाहींत.'

तोच कागद सही करून तिनें मुख्याध्यापिकाबाईंसहि दिला होता. बाईंस राग आला असेल, या भीतीनें दोन दिवस आम्हीं शाळेचा रस्ता टाळला. तिसऱ्या दिवशीं त्या बाजारांत भेटल्या. म्हणाल्या, "दहा वर्षांत मला पालकाची लेखी तक्रार आली नव्हती. मीं ती टेबलाच्या कांचेखालीं ठेवली आहे." कडी दुसऱ्याच दिवशीं बसली होती. ग्रंथालय आतां मंगळवारीं व शुक्रवारीं उघडतें. सूक्ष्मदर्शक पुसून, भिंगें साफ करून कपाटाबाहेर काढला आहे. आणि सातव्या कलमास अनुसरून आम्ही आठवड्यांतून दोन दुपारीं तेथें जातों. अडखळणारीं मुलें तीन होतीं. आतां आठ बसतात, कारण न अडखळणाऱ्यांसहि मोठ्यानें वाचावयास कोणी सांगितलें नव्हतें. त्यांतील एकीच्या आजीस आम्हीं अक्षरें शिकविलीं होतीं, असें तिनेंच आम्हांस सांगितलें.

वाचकहो, जून आतां दूर नाहीं. आपलें मूल कोठें घालावें, हें ज्याचें त्यानें आपल्या घरच्या मंडळींशीं विचार करून ठरवावें. त्यांत उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस राहिलेला नाहीं. आमची विनंति निराळी आहे. आपण जेथें शिकलांत, त्या शाळेंत एक दिवस कामकाजाच्या वेळीं जावें. सत्काराच्या दिवशीं जाऊं नये. ग्रंथालयाची वही मागून पहावी, दाराची कडी पहावी, सातवीच्या एखाद्या मुलास एक उतारा वाचावयास सांगावें. जें उणें दिसेल तें कागदावर लिहून, खालीं सही करून मुख्याध्यापकांस द्यावें, व महिन्यानें पुन्हां जाऊन विचारावें. मूल तेथें घालावयाचें नसलें तरी हें करण्यास हरकत नाहीं. देणगीच्या पावतीहून या कागदाची शाळेस आज अधिक गरज आहे.

आमच्या घरचें सांगावयाचें, तर सूनबाईनें पांचवीच्या प्रवेशाचा अर्ज आणून देवघराशेजारच्या फडताळांत ठेवला आहे. तो अद्यापि कोरा आहे. सातांपैकीं डिजिटल फळ्याचें व इंग्रजीच्या तासाचें, अशीं दोन कलमें बाकी आहेत, आणि तीं पुरीं होतात कीं नाहीं हें पाहिल्यावांचून आपण सही करणार नाहीं, असें तिनें स्पष्ट सांगितलें आहे. ही अट आम्हीं मुख्याध्यापिकाबाईंस कळविली. त्यांनीं ती मान्य केली, आणि पांचवीच्या नव्या पटावर एक ओळ मोकळी ठेवली आहे.