'स्टाइल' बघता की स्कोअर?

आमच्या लेडीज होस्टेलच्या कॉमन रूममध्ये एक टी.टी. टेबल आहे. एका कोपऱ्यात त्याचं प्लायवूड फुगलंय. बॉल तिथे पडला की 'लेट' द्यायचा, हा आमचा घरचा नियम! रात्रीचं जेवण झालं की हात पुसत पुसत सगळ्या तिकडेच. खेळणाऱ्या चार आणि लेव्हल ठरवणाऱ्या चाळीस. "ही एकदम प्रो आहे", "ती ठीकठाक", "आणि ती ना... जाऊ दे, बिगिनर." भिंतीला टेकून, शेंगदाणे खात खात, दोन रॅलीत निकाल!

त्या चाळीस जणींत मी सगळ्यात पुढे असायची. मी कॉन्व्हेंटची. (मराठी लिहायची सवय नाही, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.) शाळेत टेबल होतं, शिकवायला कोच होते. बॅट कशी धरायची, गुडघे किती वाकवायचे, फोरहँड मारल्यावर हात कुठे थांबला पाहिजे, हे सगळं सहावीपासून घोटून घेतलेलं. त्यामुळे दुसऱ्याची लेव्हल ठरवायचा मान आपलाच, असं मी धरूनच चालले होते.

मागच्या पावसाळ्यात तो माज उतरला.

सेकंड इयरची एक मुलगी एक दिवस स्वतःची बॅट घेऊन आली. दारव्हा तालुक्यातली. शाळेत दोन बाक जोडून आणि मध्ये विटा लावून खेळायला शिकलेली. बॅटच्या एका बाजूचं रबर इतकं जुनं, की त्यावर नुसती चकाकी उरलेली, पकड काहीच नाही. आणि ती बॅट धरायची कशी? तव्यावरची पोळी उलटायला सराटा धरतात ना, अगदी तशी. पाय हलायचे नाहीत, हात फिरायचा नाही. बॉल आला की फक्त बॅट पुढे. एका आठवड्यात होस्टेलने तिचं नाव ठेवलं 'सराटा'. खरं सांगायचं तर ते नाव मीच ठेवलं.

पहिल्या दिवशी मी तिच्याशी खेळले ते उपकार केल्यासारखी. ११-४ हरले. म्हटलं फ्लूक असेल. दुसरा गेम ११-७. तोही हरले! माझा ठेवणीतला टॉपस्पिन मी मारायची, ती नुसती बॅट लावायची आणि मी परत मारलेला बॉल सरळ नेटमध्ये. बघणाऱ्या हसायला लागल्या. मी म्हटलं, "अगं, तू करतेस तरी काय?" ती शांतपणे म्हणाली, "काहीच नाही, ताई. तुमचा बॉल लय फिरते. मी त्याले हातच लावत नाही."

गंमत म्हणजे तिचं उत्तर फिजिक्सच्या दृष्टीने तंतोतंत बरोबर होतं. नवीन, चिकट रबरावर घर्षण जास्त असतं. समोरून फिरत आलेला बॉल त्यावर आदळला की रबर त्याला पकडतं आणि उलटा फिरवतं. म्हणून टॉपस्पिनला टॉपस्पिनच परत येतो, आणि आपला हात त्याच सवयीने चालतो. पण रबर गुळगुळीत असेल तर बॉलची फिरकी तशीच चालू राहते, फक्त जायची दिशा बदलते. म्हणजे मी मारलेला टॉपस्पिन माझ्याकडे परत येताना बॅकस्पिन झालेला असतो! मी टॉपस्पिन समजून बॅट सपाट लावणार आणि बॉल खाली जाणार. ती मला माझीच फिरकी परत देत होती. मी जितकी 'प्रो' खेळणार, तितकी माझी जास्त फजिती.

याच तत्त्वावर बनवलेलं रबर बाजारात मिळतं. त्याला अँटीस्पिन म्हणतात. लांब दाण्यांचं लाँग पिंपल्स रबरही बरंचसं असंच वागतं. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत मनिका बत्राने सिंगल्सच्या सुवर्णासह चार पदकं जिंकली, ती बॅकहँडला लाँग पिंपल्स लावून. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत आपल्या ऐहिका मुखर्जीने चीनच्या सुन यिंगशाला ३-१ हरवलं. सुन तेव्हा जगात पहिल्या नंबरवर होती, आणि ऐहिकाच्या बॅकहँडला होतं अँटीस्पिन! ती लढत भारत शेवटी ३-२ ने हरला, पण जगाच्या पहिल्या नंबरला घाम फुटला तो आम्ही ज्याला 'सराटा' म्हणून हसत होतो, त्याच युक्तीने.

याहून मोठी गोष्ट तर आपल्या महाराष्ट्रात घडलेली आहे. १९५२ साली टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. आशियात ती पहिल्यांदाच होत होती, आणि जपानही पहिल्यांदाच खेळत होता. त्यांच्यात हिरोजी सातो नावाचा एक चष्मेवाला खेळाडू होता. बाकी सगळ्यांच्या बॅटला दाणेदार कडक रबर, याच्या बॅटला जाड स्पंज! तोपर्यंत खेळाडू बॉलचा 'टक' असा आवाज ऐकून वेगाचा अंदाज घ्यायचे. स्पंजवर आवाजच होईना. मोठमोठे युरोपियन खेळाडू गोंधळले आणि सातो फायनलमध्ये हंगेरीच्या कोचियानला हरवून विश्वविजेता झाला. आमच्या कॉमन रूममधल्या चाळीस जणी तिथे असत्या, तर सातोला पहिल्याच रॅलीत 'बिगिनर' ठरवून मोकळ्या झाल्या असत्या.

आता कुणी म्हणेल, ती बॅटची करामत होती, खेळाडूची लेव्हल नव्हे. हा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. सातो पुन्हा कधी विश्वविजेता झाला नाही. लोक स्पंजला सरावले. पण स्पंज संपला का? मुळीच नाही. १९५४ साली जपानचाच ओगिमुरा स्पंजच्या बॅटने जगज्जेता झाला. १९५९ मध्ये नियम आला की नुसता स्पंज चालणार नाही, त्यावर रबर हवं, आणि दोन्हींची मिळून जाडी ४ मिलिमीटरच्या आत हवी. आज आपण सगळ्या ज्या बॅटने खेळतो, जिला 'नॉर्मल' म्हणतो, ती त्या विचित्र बॅटचीच मुलगी आहे! म्हणजे आज जे विचित्र दिसतं, ते उद्या नियमात बसू शकतं, नाहीतर लोक त्याला उत्तर शोधतात. यातलं काय होणार हे भिंतीला टेकून कळत नाही. त्यासाठी मॅच खेळावी लागते, आणि तीसुद्धा पुन्हा पुन्हा.

माझंच बघा ना. पंधरा दिवस मी हरत राहिले. मग लक्षात आलं की हिच्या गुळगुळीत बाजूवर फिरकी घालायचीच नाही. साधा, न फिरणारा बॉल लांब टाकायचा, म्हणजे तिच्याकडून काहीच परत येत नाही, नुसता तरंगता बॉल येतो आणि तो मारता येतो. तेव्हापासून दहातले तीन-चार गेम मी जिंकते. उरलेले सहा-सात अजून तीच जिंकते, कारण मी उत्तर शोधल्यावर तीही बॅट फिरवून चांगल्या बाजूने मारायला शिकली. मला विचाराल तर खरी लेव्हल हीच. पहिल्या मॅचमध्ये आश्चर्य जिंकतं, दहाव्या मॅचमध्ये खेळाडू.

आता मुद्द्यावर येते. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी आपल्या मुलींच्या संघाची ट्रायल झाली. प्रत्येकीला दहा मिनिटं नॉकिंग करायला लावलं. मॅच नाही, नुसतं नॉकिंग. फोरहँडला फोरहँड, बॅकहँडला बॅकहँड. नॉकिंगमध्ये माझ्यासारखी चकाचक दिसते, आणि तिच्यासारखी कशी दिसणार हे सांगायला नको. "गेम आहे, पण बेस नाही," असा शेरा मिळाला. चार जणींची यादी लागली. माझं नाव तिसरं. तिचं नाव नव्हतं.

मला माहीत होतं की ती मला दहातले सहा गेम हरवते. मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी बोलले नाही. कारण सरळ आहे, ती आत आली असती तर बाहेर जाणारी कदाचित मीच असते. हे लिहिताना लाज वाटते, पण लेखाला अर्थ यायचा असेल तर लिहायलाच हवं. त्या रात्री मी तिच्या रूमवर गेले, तर तीच मला म्हणाली, "जाऊ द्या ना ताई. त्याईले वाटलं असन मी पोळ्या उलटून राहिली." आणि हसली. मला काही हसू आलं नाही.

आम्ही स्पर्धेला गेलो आणि पहिल्याच फेरीत हरून परत आलो. ती असती तर जिंकलो असतो, असं मी म्हणत नाही. तेवढंही मी आता छातीठोक सांगणार नाही. पण ती असायला हवी होती, हे नक्की सांगते.

सरांचंही एक म्हणणं आहे आणि ते खोटं नाही. ते म्हणतात, "स्ट्रोक बघितला की पोरगी पुढे कुठवर जाईल ते कळतं." दहा-बारा वर्षांच्या मुलीसाठी हे शंभर टक्के खरं असेल. पण आम्ही विशीतल्या. स्पर्धा तीन आठवड्यांवर. आम्ही पुढे कुठवर जाऊ यापेक्षा आज कुठे आहोत, हे महत्त्वाचं. आणि ते मोजायची सोय आहे. बुद्धिबळात आर्पाद एलो नावाच्या फिजिक्सच्या प्राध्यापकाने रेटिंगची पद्धत बसवली, ती जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. आपल्यापेक्षा वरच्याला हरवलं तर जास्त गुण, खालच्याकडून हरलं तर जास्त कपात. दोघांत २०० गुणांचं अंतर असेल तर वरचा साधारण चारात तीन वेळा जिंकणार, असा तो हिशोब. त्या सूत्रात कोण कुणाशी खेळलं, किती रेटिंग होतं आणि काय निकाल लागला, एवढंच असतं. ग्रिप नाही, शूज नाहीत, शाळेचं नाव तर नाहीच नाही.

आपल्याला एवढं गणितही नको. कॉमन रूमच्या नोटीस बोर्डवर एक यादी लावा. प्रत्येकीने प्रत्येकीशी महिनाभरात तीन मॅच खेळायच्या, तीन वेगवेगळ्या दिवशी, म्हणजे आश्चर्याचा फायदा एकदाच मिळेल. स्कोअर तिथेच लिहायचा. ट्रायलच्या दिवशी सरांनी ती यादी समोर ठेवावी आणि मग नॉकिंग खुशाल बघावं.

आणि बॅट? ती नियमात बसते का हे जरूर तपासा. तिचं ते झिजलेलं रबर पंच कदाचित चालवून घेणार नाहीत. पण मग तिला बदलून द्या, तिला बदलू नका. या खेळाच्या नियमांनीसुद्धा तेच केलंय. बॅटच्या दोन बाजूंना वेगळी रबरं लावून खेळाडू फसवायला लागले, तेव्हा १९८० च्या दशकात नियम आला की दोन बाजू दोन रंगांच्या हव्यात. आणि मॅचआधी बॅट समोरच्याला हातात घेऊन बघू द्यावी लागते. म्हणजे नियम म्हणतो, "विचित्र खेळायचं तर खेळ, फक्त लपवू नकोस." किती छान आहे हे! आमची कॉमन रूम मात्र म्हणते, "विचित्र खेळतेस? मग तू खेळतच नाहीस."

आपल्या भागात कुस्तीची परंपरा मोठी. आखाड्यात कुणी विचारतं का, डाव 'क्लासी' होता का? पाठ टेकली की संपलं. मग टेबलाशी आल्यावरच आपल्याला 'स्टाइल' का आठवते? मला वाटतं, ही सवय फक्त टेबलापुरती नाही. प्रेझेंटेशनला कोण कसं इंग्लिश बोलतं, व्हायव्हात कोण 'मले', 'तुले' म्हणतं, यावरूनही आपण दोन मिनिटांत लेव्हल ठरवतो, आणि तिथेही कॉन्व्हेंटवाल्यांचं नॉकिंग चकाचक दिसतंच. पण तो विषय वेगळा. असो.

पुढची ट्रायल दिवाळीनंतर आहे. सरांना मी यादीचं सांगितलंय, "बघू" म्हणालेत. रेक्टर मॅडमनी बोर्डावर अर्धी जागा दिली आहे. यादीत आजपर्यंत अकरा नावं लागली आहेत. सगळ्यात वरचं नाव कुणाचं, हे तुम्ही ओळखलंच असेल. माझं नाव पाचवं आहे. संघ चार जणींचा.

दिवाळीपर्यंत मला बॅकस्पिन उचलायला शिकायचंय. रात्री साडेआठला टेबल रिकामं असलं तर या. शेंगदाणे भिंतीपाशी ठेवा आणि बॅट हातात घ्या!