नाताळला तुमच्याकडे काय असतं?

होस्टेलवरच्या पहिल्या वर्षाची गोष्ट. डिसेंबरच्या सुट्टीसाठी बॅग भरत होते, तेव्हा एका मैत्रिणीने विचारलं, "मग काय, घरी आता टर्की वगैरे का?" मी हसून "हो ना" म्हटलं आणि विषय संपवला. खरं तर तोवर टर्की मी फक्त सिनेमात पाहिली होती. सुट्टी संपवून परत आले ती आईने दिलेला करंज्या-चकल्यांचा डबा घेऊन. डबा बघून दुसरी एक जण म्हणाली, "अगं, हा तर आमचा दिवाळीचा फराळ! तुमच्यातही करतात?"

दोघींच्याही मनात काही वाईट नव्हतं. दोघी आजही माझ्या मैत्रिणी आहेत आणि हा लेख त्यांना दाखवूनच मंडळाकडे दिला आहे. पण त्या दोन प्रश्नांच्या मधल्या फटीत मी अडकले ती अडकलेच. जे मी कधी खाल्लं नव्हतं ते माझं ठरलं होतं, आणि जे मी दात आल्यापासून खात होते ते दुसऱ्या कुणाचं. तो डबा मी कपाटात मागे सारला आणि रात्री लाइट गेल्यावर एकटीनेच संपवला. त्याची लाज मला अजून वाटते.

आमचं घर सिकंदराबादचं. म्हणजे पत्ता तिथला, मूळ जालन्याकडचं. जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेव्हा तो सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पुढे 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच राहिला. त्यामुळे जालन्याच्या माणसाला नोकरीसाठी मुंबईइतकंच हैदराबादही आपलं वाटायचं. माझे आजोबा रेल्वेच्या लालागुड्याच्या कारखान्यात लागले आणि तिकडचेच झाले. घरात मराठी, बाजारात तेलुगू, गल्लीत दखनी आणि चर्चमध्ये इंग्रजी, अशा चार भाषांत आम्ही वाढलो.

नाताळ आमच्याकडे 15 डिसेंबरच्या आसपास सुरू होतो. आजी पाट मांडून बसते. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, रव्याचे लाडू. केकचं मिश्रण घरी होतं, पण भाजायला बेकरीत जातं. हैदराबाद-सिकंदराबादच्या पुष्कळ ख्रिस्ती घरांत ही पद्धत आहे: मैदा, अंडी, लोणी, भिजवलेला सुकामेवा सगळं घेऊन बेकरीत जायचं, रांगेत उभं राहायचं आणि भट्टीतून निघालेले गरम केक रिक्षात मांडीवर घेऊन घरी यायचं. 25 तारखेला दुपारी मटण बिर्याणी, मिर्ची का सालन आणि दही की चटणी. ईदला ज्या घरून शीरखुर्मा येतो, त्या घरी करंज्यांचं ताट जातं. रेल्वे क्वार्टर्समध्ये अँग्लो-इंडियन शेजारी होते तेव्हा त्यांच्याकडून भाजलेल्या बदकाचा वाटा यायचा, असं बाबा सांगतात. टर्की मात्र कधीच नव्हती.

दुसऱ्या वर्षी मी हट्टाला पेटले. घरी फोन करून सांगितलं, यंदा टर्की करायची. आई म्हणाली, "तेवढ्या पैशात तीन कोंबड्यांची बिर्याणी होईल." आजीने विचारलं, "कोण येणार आहे जेवायला, कलेक्टर?" तरी बाबांनी शहराबाहेरच्या एका फार्मवरून साडेपाच किलोचा पक्षी आणला. तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसरला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमच्या ओव्हनमध्ये त्याची एक तंगडीसुद्धा नीट मावणार नाही.

इथे थोडं कामाचं सांगते, कारण पाककृतीच्या व्हिडिओत हे पटकन सरकून जातं. टर्कीची खरी अडचण अशी की तिच्या छातीचं मांस लवकर शिजतं आणि मांडीचं उशिरा. मांडी शिजेपर्यंत थांबलात तर छाती कोरडी पडते. पोटात सारण भरलं की आणखी एक भानगड होते. आतलं सारण सगळ्यात शेवटी तापतं, आणि कच्च्या पक्ष्याचा रस त्यात उतरलेला असतो, म्हणून सारणाच्या अगदी मध्यभागी 74 अंश सेल्सिअस होईपर्यंत ते खाण्याजोगं नसतं. सारण गच्च दाबून भरलं तर तेवढी उष्णता आत पोचायलाच फार वेळ लागतो. म्हणून पक्षी आधी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवतात, म्हणजे मांसात ओल टिकते. सारण सैल भरतात. आणि बाहेर काढल्यावर अर्धा तास तरी सुरी लावत नाहीत.

आजीने हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगं, म्हणजे मोठा मुर्ग मुसल्लमच की!" तिथून पुढे माझा व्हिडिओ बंद पडला. ब्रेडचे तुकडे आणि सेज नावाचा पाला असलं सारण तिने ऐकूनच नामंजूर केलं. हैदराबादच्या दावतीत अख्ख्या कोंबडीच्या पोटात जे भरतात तेच इथे भरायचं ठरलं: आधी शिजवलेला खिमा, मोकळा भात, तळलेला कांदा, काजू, बेदाणे, पुदिना आणि उकडलेली अंडी. आलं-लसूण आणि दह्याचं वाटण कातडीखाली हात घालून चोळलं. फ्रिजचा एक कप्पा काढून, त्यातलं सगळं शेजारी ठेवून, पक्षी रात्रभर आत बसवला. सकाळी पोट भरून आजीने गोधडी शिवायच्या सुईने ते शिवून टाकलं.

मग बेकरी. भट्टीवाले चाचा आमच्या केकला ओळखतात, पण हे प्रकरण बघून तेही दोन पावलं मागे सरले. "इत्ता बडा मुर्गा?" मग ट्रे फिरवून बघत म्हणाले, "होता, कैकू नई होता. अब्बीच नक्को लेकिन. पाव निकलने देव." पावाचा घाणा निघाला की भट्टीची धग हळूहळू उतरते, आणि मोठ्या पक्ष्याला तशीच उतरती धग हवी असते, हे त्यांना कुठलंही पुस्तक न वाचता माहीत होतं. चार तास आम्ही तिथे पिठाच्या पोत्यांवर बसून होतो. आमच्या मागेपुढे केकवाल्यांची रांग. येणारा प्रत्येक जण भट्टीत डोकावून जायचा.

शेवटी घोटाळा झाला तो माझ्यामुळेच. चाचा म्हणत होते, काढा आता. मी घरच्या थर्मामीटरवर अडून बसले, कारण सारण 74 ला पोचत नव्हतं. ते पोचलं तोवर छाती कोरडी ठक्क झाली होती. टेबलावर फोटो झकास आला. खाताना मात्र सगळे पाणी मागत होते. मांडी छान, सारणाची तर भांडणं झाली, पण छातीचं मांस ताटात तसंच राहिलं. मला रडू येत होतं. आजीने काही न बोलता ते सगळं उचललं, दुसऱ्या दिवशी खोबरं-कांदा भाजून वाटण लावलं आणि झणझणीत रस्सा केला. भाकरीबरोबर तो रस्सा माझ्या चुलतभावांनी अक्षरशः पातेलं पुसून खाल्ला.

त्या रस्श्यापासून मी विचार करतेय की मी हट्ट नेमका कशासाठी केला होता. आपला नाताळ 'खरा' व्हावा म्हणून? मग तो खरेपणा कुठून येतो ते तरी बघू या.

टर्की हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. माणसाळवला तो मेक्सिकोकडे. युरोपला तो मिळाला कोलंबसानंतर. तो कुठून आला हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, म्हणून ज्याने त्याने वाटेल त्या देशाच्या गळ्यात मारला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा म्हटलं. तुर्की भाषेत त्याचं नाव 'हिंदी'. फ्रेंच नावाचा अर्थ 'भारतातली', आणि डच लोकांनी तर थेट कालिकतचं नाव दिलं. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात आणि त्यावरून उर्दूत तो 'पीरू' झाला. भारतात हा पक्षी पोहोचला त्याची एक नोंद चांगली प्रसिद्ध आहे. 1612 साली मुकर्रब खान या सरदाराने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी काही अपूर्व प्राणी-पक्षी आणले, त्यात टर्की होती. तिच्या डोक्याचे-मानेचे रंग कसे बदलतात हे जहांगीरने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आणि उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. म्हणजे टर्की आपल्याकडे आली त्याला 400 वर्षं उलटली, आणि आली ती आपल्या शेजारच्या गोव्यातून. त्याच अमेरिकेतून आणि पोर्तुगिजांच्याच जहाजांतून मिरची आली, काजू आला, फळाचा पेरू आला. मिरचीला आज कुणी विचारत नाही, "तू आमच्यात कशी?" 'नाताळ' हा शब्दही पोर्तुगीजच आहे आणि तो उच्चारताना आपली जीभ अडखळत नाही.

आता दुसरी बाजू. टर्की म्हणजेच ख्रिसमस, हे तरी कुणी ठरवलं? अमेरिकेत ती आधी नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगची. इंग्लंडची गोष्ट घ्या. डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरॉल' 1843 ची. त्यात क्रॅचिट नावाच्या गरीब कारकुनाच्या घरी नाताळच्या जेवणाला टर्की नसते, पाळीव हंस असतो. आणि तोही घरी भाजलेला नसतो, पाववाल्याकडे भाजायला दिलेला असतो, कारण गरिबाघरी एवढी भट्टी कुठून असणार? टर्की येते ती शेवटी, मन पालटलेल्या पैसेवाल्या मालकाने पाठवलेली. हे वाचताना मला आमची सिकंदराबादची रांगच डोळ्यांसमोर आली. ज्या नाताळची नक्कल करायला मी निघाले होते, त्या नाताळातले गरीब लोकही आपलं जेवण दुसऱ्याच्या भट्टीत भाजून आणत होते.

म्हणून माझं मत सरळ आहे. सणाचा पदार्थ कुणाच्या सात-बाऱ्यावर लिहिलेला नसतो. जो तो करतो, त्यासाठी खपतो, शेजाऱ्याला वाढतो, त्याचा तो. करंजी दिवाळीची आहे आणि नाताळचीही आहे. आमच्या पणज्यांनी धर्म बदलला तेव्हा हातातलं लाटणं फेकून दिलं नव्हतं. तोच गहू, तोच गूळ, तीच खोबऱ्याची वाटी घेऊन त्यांनी नवा सण मांडला. "तुमच्यातही करतात?" या प्रश्नाचं उत्तर "हो, चार पिढ्या" असं आहे, आणि ते मी पहिल्याच वर्षी द्यायला हवं होतं.

आमच्याच लोकांतले काही जण म्हणतील, मग टर्कीचं खूळ हवंच कशाला? त्यांच्या भीतीत तथ्य आहे. आमच्या चर्चच्या तरुण मुलांच्या ग्रुपवर डिसेंबरात जे फोटो फिरतात त्यांत फराळाचं ताट हल्ली क्वचितच दिसतं. ते टेबलावर नसतं असं नाही. फोटो काढताना बाजूला सरकवतात. मीही सरकवलं होतं. आजीने ते बघितलं आणि ती काही बोलली नाही. टर्की करण्यात गैर नाही, पण तिच्यासाठी आजीच्या ताटाला बाजूला व्हावं लागत असेल तर ती परवडत नाही. आणि कुणाला वर्गणी काढूनही ती आणता येत नसेल, तर त्याचा नाताळ तसूभरही कमी होत नाही. सणाची पत किलोच्या भावावर ठरायला लागली की गरिबाने जायचं कुठे?

पण टर्की नकोच, असंही मी म्हणणार नाही. आमच्या भट्टीवाल्या चाचांच्या तोंडचा 'नक्को' हा आपल्या मराठी 'नको'चाच भाऊ आहे, आणि 'अब्बीच'मधला 'च'सुद्धा आपलाच. चारशे वर्षांत कुणी तो परत मागितला नाही. शब्दांना जर एवढी मोकळीक आहे, तर एका पक्ष्याला किंवा एका करंजीला का नसावी?

गेल्या नाताळात आम्ही पुन्हा टर्की आणली, पण लहान, साडेतीन किलोची. सारण वेगळ्या पातेल्यात केलं, त्यामुळे पक्षी लवकर झाला आणि छाती ओली राहिली. चाचांनी सांगितल्याबरोबर मी ट्रे बाहेर काढला. एक तंगडी त्यांच्या घरी गेली. फोटोत या वेळी फराळाचं ताट पुढे होतं आणि टर्की मागे.

जानेवारीत होस्टेलवर परतले तेव्हा डबा कपाटात ठेवला नाही. कॉमन रूमच्या टेबलावर झाकण काढून ठेवला. "हा कसला?" असं कुणीतरी विचारलंच. मी म्हटलं, "नाताळचा. आजीने केलाय. करंज्या आधी घे, चकल्या टिकतील." दहा मिनिटांत डबा रिकामा झाला, आणि मैत्रिणीने विचारलं, त्या टर्कीच्या रस्श्याची कृती देशील का?