गुण भरले, पुढे काय?

राज्यातील शाळांत परीक्षांची वाण आहे, असे कोणी म्हणणार नाही. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाबरोबर पायाभूत व संकलित चाचण्या आल्या. २०२३ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या घेतल्या जाऊ लागल्या. केंद्र सरकारची सर्वेक्षणे वेगळीच. एवढे सारे मोजमाप होऊनही २०२४ च्या ‘असर’ पाहणीत, देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्यांपैकी अवघ्या २३.४ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. तेव्हा या चाचण्यांचे पुढे होते काय, हे विचारणे प्राप्त आहे.

होते ते असे: शिक्षक उत्तरपत्रिका तपासतात, गुण वरिष्ठांकडे ऑनलाइन भरतात आणि गठ्ठा कपाटात ठेवतात. वास्तविक शिक्षकाच्या उपयोगाचे जे काही आहे, ते त्या गठ्ठ्यातच असते. ५२ मधून २७ वजा करताना एक मुलगा ३५ लिहितो, दुसरा ७९. दोघांनाही शून्य गुण. परंतु पहिल्याने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. त्याला दशक सुटा करणे उमगलेले नाही. दुसऱ्याने सरळ बेरीजच केली. तिसरा एखादा ‘बावन्न’ ऐकून २५ लिहितो, आणि त्यात त्याचा दोष तरी किती? मराठीत दोन आधी उच्चारले जातात व पन्नास मागाहून. या तिघांना एकच धडा पुन्हा शिकवून काही साधणार नाही. गुणांच्या तक्त्यात मात्र ते एकसारखेच दिसतात.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. गुणांवरून शाळांची आणि तालुक्यांची क्रमवारी लावली जाणार असेल, तर कोणता शिक्षक आपल्या वर्गाचे उणे प्रामाणिकपणे कागदावर आणील? चाचणी निदानासाठी की जाब विचारण्यासाठी, हे शिक्षण खात्याने एकदा ठरवून टाकावे. दोन्ही हेतू एकाच कागदाने साधण्याच्या हट्टापायी आकडे फुगतात आणि निदान तेवढे राहून जाते.

यासाठी नवी योजना नको, नवे ॲप तर नकोच. केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरतातच. तेथे परिपत्रकांच्या वाचनाऐवजी मुलांच्या चुकांवर चर्चा व्हावी. पहिल्या सत्राच्या संकलित चाचणीनंतर, गठ्ठे कपाटात जाण्यापूर्वी, शिक्षकांना त्यासाठी एक मोकळी दुपार देणे खात्याला खचितच अशक्य नाही.