मीटर कोणाच्या नावावर?



वीज वाचवा, असे आपल्याला रोज सांगितले जाते. सांगणाऱ्यांचे चुकते असे नाही. पण ज्या घरात दोन दिवे, एक पंखा आणि एक टीव्ही एवढाच संसार, त्या घराने वाचवायचे किती? आणि वाचवण्यासाठी सरकार जी मदत देते, ती त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येते का? हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. आपण तो विचारला पाहिजे.

आधी घरातलाच हिशेब घेऊ. छताचा साधा जुना पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात तो बारा तास तरी फिरतोच. म्हणजे महिन्याला २७ युनिट. नव्या तऱ्हेचा, बीएलडीसी मोटरचा पंखा सुमारे ३० वॉटमध्ये तेवढीच हवा देतो. त्याचे महिन्याला ११ युनिटसुद्धा होत नाहीत. एका पंख्यामागे १६ युनिट वाचले. पण हा पंखा साध्या पंख्याहून चांगलाच महाग. हातावर पोट असलेला माणूस पंखा जळाल्यावर जुनाच पंखा वाइंडिंग करून आणतो आणि पुढची दहा वर्षे जादा बिल भरतो. जो हजार रुपये आज काढू शकतो त्याची बचत होते. जो काढू शकत नाही तो हप्त्याहप्त्याने त्याहून जास्त भरतो.

दुसरी गोष्ट मीटरची. शहरातल्या वस्त्यांत, चाळींत आपली कितीतरी कुटुंबे भाड्याने राहतात. मीटर मालकाच्या नावावर, खोल्यांना सबमीटर किंवा दिव्या-पंख्यामागे ठरलेली रक्कम. महाराष्ट्रात घरगुती विजेचा पहिला टप्पा १०० युनिटांपर्यंत आहे. त्याच्या वर गेले की दर दुपटीच्या आसपास जातो. आता समजा, एका मीटरवर दहा खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीचा वापर ५० युनिट आहे. स्वतंत्र मीटर असते तर दहाही घरे सर्वात स्वस्त टप्प्यात बसली असती. एकत्र मोजल्यावर बिल ५०० युनिटांचे होते आणि वरच्या टप्प्यांचा भार या दहा घरांवर वाटला जातो. सर्वात कमी वीज वापरणारा सर्वात चढा दर भरतो. शिवाय त्याने दिवा विझवून चार युनिट वाचवले, तरी ठरलेली रक्कम काही कमी होत नाही.

आता सरकारी योजनांकडे पाहू. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने एलईडी दिवे एकगठ्ठा विकत घेतले. कंपनीला २०१४ साली ३१० रुपयांना मिळणारा दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांना मिळू लागला. दिवा बाजारातही स्वस्त झाला आणि त्याचा फायदा गरिबाला झाला, हे मान्य केलेच पाहिजे. पण हप्त्याने दिवे घ्यायची सोय मात्र वीजबिलाला जोडलेली होती. ज्याच्याजवळ बिल नाही, त्याला हप्ता नाही. ज्याला हप्त्याची खरी गरज, तोच बाहेर.

फेब्रुवारी २०२४ मध्ये घराच्या छतावर सौर पॅनेल बसवण्याची पंतप्रधान सूर्यघर योजना आली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट, ७५ हजार कोटींवर खर्च. अनुदान एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा अधिकला ७८ हजार. म्हणजे ज्याचे छत मोठे, त्याचे अनुदान मोठे. अनुदान बँकेत जमा होते ते पॅनेल बसल्यानंतर; आधीची सोय ज्याची त्याने करायची. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये स्मार्ट योजनेतून जादा मदत जोडली. एका किलोवॉटसाठी दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाने अडीच हजार आणि महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाने पाच हजार भरायचे. हे पाऊल चांगले आहे. गावात स्वतःचे घर असलेल्यांनी याची चौकशी जरूर करावी. पण भाडेकरूचे काय? चाळीत दहा घरांवर एकच छत असते. झोपडीच्या पत्र्यावर पॅनेल बसत नाही. आणि त्या अनुदानाचा पैसा ज्या खजिन्यातून येतो, त्यात हा भाडेकरूसुद्धा काडेपेटीसारख्या रोजच्या खरेदीतून भर घालत असतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. वीज हे खातेही त्यांच्याकडेच होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत वीजपुरवठ्याच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी वीज मुबलक आणि स्वस्त हवी, असा आग्रह धरला. शेतीवर पडलेला भार आणि त्यातून आलेले दारिद्र्य हटवायचे तर उद्योग हवेत, आणि उद्योगांना वीज हवी, ही त्यांची मांडणी होती. वीज त्यांच्या दृष्टीने श्रीमंतांची चैन नव्हती. ती दारिद्र्यातून सुटण्याचे साधन होती. त्याच कसोटीवर आजची प्रत्येक योजना घासून पाहावी: मीटर कोणाचे? छत कोणाचे? आधी पैसे कोणी भरायचे?

बाबासाहेबांच्याच नावाची जीवनप्रकाश योजना १४ एप्रिल ते ६ डिसेंबर २०२१ या काळात राबवली गेली. अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदाराने ५०० रुपये अनामत भरायची, तीही पाच हप्त्यांत, आणि घरगुती जोडणी घ्यायची. योजना अशीही आखता येते, हे यावरून दिसते. अशी योजना तारखेपुरती न राहता कायमची असावी, ही मागणी आपण केली पाहिजे.

आणि आपण स्वतः काय करावे? विद्युत कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालकच नव्हे, तर भोगवटादारही जोडणी मागू शकतो. तेव्हा भाडेकरूंनी राहत्या जागेचे कागद जपून ठेवावेत, अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. अर्ज अडला तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. एकट्याने गेल्यास कोणी दाद देत नाही. दहा घरांनी मिळून जावे.

मीटर मिळत नाही म्हणून आकडा टाकू नये. न दिलेले घेणार नाही, असे आपण पंचशीलात रोज म्हणतो. शिवाय त्या उघड्या तारेने पावसाळ्यात लेकरांचा जीव जातो.

महिला मंडळांनी आणि बचत गटांनी पंख्यासाठी छोटे बिनव्याजी कर्ज सुरू करावे. वाचलेल्या बिलातून ते फिटते. सुरुवात विहारापासून करावी. तिथले पंखे आणि दिवे वर्गणीतून बदलावेत, आधीचे आणि नंतरचे बिल फळ्यावर लावावे. रविवारच्या वंदनेनंतर सर्वांना ते पाहू द्यावे. मग घरोघरी यादी करावी: मीटर कोणाच्या नावावर, बिल किती, भरतो कोण. ही यादी हातात घेऊन नगरसेवकाकडे गेलात, तर त्याला बसून ऐकावेच लागेल.

जयभीम. नमो बुद्धाय.