न उगवलेल्या दातांची खानेसुमारी

दुधाचा दात पडला की तो शेणात गुंडाळून छपरावर भिरकावण्याची चाल जशी आपल्याकडे, तशीच मद्रासकडील घरांतही होती, आणि तिच्यामागे नवा दात येणारच हा निःशंक विश्वास होता; परंतु काही मुलांच्या जबड्यात त्या नव्या दाताचा अंकुरच धरलेला नसतो, आणि ही गोष्ट बहुधा पुष्कळ वर्षांनी, वाकडे दात तारेने सरळ करून घेण्यास दंतवैद्याकडे गेल्यावर, क्ष-किरण चित्रातच प्रथम उघड होते.

अक्कलदाढा वगळल्या तर एखादा तरी दात जन्मतः नसण्याचे प्रमाण, जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या असता, शंभरांत सुमारे ६ भरते. मुलींत ते काहीसे अधिक. खालची दुसरी उपदाढ आणि वरच्या मधल्या दोन दातांलगतचे दात यांच्याच वाट्याला हा अभाव विशेषेकरून येतो. चेन्नईच्या दंतमहाविद्यालयांत तारा बसवण्यास आलेल्या रुग्णांची चित्रे दफ्तरातून काढून अशी मोजणी झालेली आहे, व तिचे मोल मी कमी लेखीत नाही. तथापि दातांत फट दिसते म्हणूनच जो तेथे येतो त्याच्या ठायी उणीव अधिक सापडणार, आणि ज्याच्या बापाला तारांचा खर्च झेपत नाही तो त्या नोंदीत मुळी येणारच नाही, हे ध्यानी घेता दवाखान्याच्या नोंदवहीस शहराची खानेसुमारी समजणे सर्वथा अनुचित होय.

हा अभाव घराण्यातून कसा उतरतो याचा एक दाखला पाहा: डार्विनने आपल्या एका ग्रंथात सिंधमधील एका हिंदू कुटुंबाची हकिकत दिली आहे. चार पिढ्यांत दहा पुरुष असे निपजले की त्यांना मोजकेच दात, अंगावर केस विरळ, आणि उन्हाळ्यात त्वचा अतिशय कोरडी पडे. मुलींना हा विकार होत नसे, पण त्यांच्या पुत्रांत तो उतरे. हे ज्ञान कोणी एका रुग्णाचे तोंड तपासून हाती आले नाही. ते घराण्याची पिढ्यानपिढ्यांची चौकशी केल्याने आले.

वेळीच कळण्याला फार महत्त्व आहे. खालच्या उपदाढेचा अंकुर नसेल, तर तिच्या जागची दुधाची दाढ, मुळे शाबूत असल्यास, कित्येक वर्षे कामी येते. ती अज्ञानाने उपटली की जागा रिकामी राहते, आणि कृत्रिम दात हाडात रोवावा म्हटले तर जबड्याची वाढ पुरी होईतो थांबावे लागते, कारण रोवलेला दात वाढीबरोबर सरकत नाही.

२०१३ साली पालघर येथे आरंभलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांचे दंतविकार तपासण्याची तरतूद आहेच. तीत किडीबरोबर संख्येचीही नोंद व्हावी, एवढेच माझे मागणे आहे. चेन्नई महापालिकेच्या शाळांतून आरंभ करावा: डाव्या-उजव्या बाजूंचे दात जोडीने मोजावेत, एका बाजूचा येऊन सहा महिने लोटले तरी दुसरीकडचा आला नाही, किंवा बारा वर्षे उलटूनही दुधाची दाढ हलत नाही, अशा मुलाच्या हाती फोर्ट स्टेशनजवळच्या शासकीय दंतमहाविद्यालयाच्या नावे चिठ्ठी द्यावी, आणि त्या चिठ्ठीवर त्याच्या भावंडांचीही नावे लिहावीत.