88 हजार रुपये आणि तीन मुलं

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉनमध्ये हाफ मॅरेथॉन पळाले. 21.097 किलोमीटर, 2 तास 51 मिनिटं. मेडलचा फोटो टाकला तेव्हा तुम्ही सगळ्यांनी भरभरून कौतुक केलंत. बऱ्याच कॉमेंट्स एकाच धर्तीच्या होत्या. 'डायबिटीसला हरवलंस', 'आजारावर मात', 'तू सगळ्यांची प्रेरणा'. प्रेमाने लिहिलंत, मनापासून आभार. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती आज लिहून टाकते. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे मी कुणालाही हरवलेलं नाही. मला वयाच्या अकराव्या वर्षापासून टाइप वन डायबिटीस आहे. हा गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. मग इन्सुलिन बाहेरून घ्यावं लागतं. रोज, जन्मभर. कारल्याचा रस, मेथीचे दाणे, जांभळाच्या बिया यांनी ते तयार होत नाही (दर महिन्याला कुणीतरी सुचवतंच, म्हणून आधीच लिहिलं). 1922 च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी हा आजार झालेली मुलं फार दिवस जगत नसत. म्हणजे मी आज आहे ती इन्सुलिनमुळे. जिद्द वगैरे सगळं त्याच्या नंतर.

आता पळण्याबद्दल. आमच्यासारख्यांचं पळणं कसं असतं ते सांगते, कारण पुढचा मुद्दा त्यातूनच निघतो.

पळताना स्नायू रक्तातली साखर भराभर वापरतात. त्यात अंगात आधी घेतलेलं इन्सुलिन काम करत असतं. त्यामुळे शुगर धाडकन खाली येऊ शकते. 70 च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम सुटतो, काही सुचत नाही. अजून खाली गेली तर माणूस बेशुद्ध पडतो. उलट स्टार्ट लाइनवर टेन्शनने शुगर वरही जाते. तिथे घाबरून इन्सुलिन घेतलं तर तासाभराने तेच अंगाशी येतं. म्हणून माझ्या कमरेच्या पट्ट्यात ग्लुकोमीटर, स्ट्रिप्स आणि ग्लुकोजच्या गोळ्या असतात, आणि मी मध्ये मध्ये थांबून बोटाला सुई टोचते. या वेळी पाच वेळा थांबले.

माहीमहून अंधारात निघालो. सी लिंकवर वारा छान होता, तिथपर्यंत सगळं मजेत. हाजी अली मागे पडलं आणि पेडर रोडचा चढ आला. तिथे दुतर्फा माणसं उभी असतात. ढोल, टाळ्या, घरून कापून आणलेली संत्री, चिक्की. एका आजींनी संत्र्याच्या फोडी हातात दिल्या. खाल्ल्या, थोडं पुढे जाऊन बाजूला थांबले आणि शुगर बघितली. 286!

मी मीटरकडे बघत उभी, आणि मागून लोक ओरडतायत, "रुकना मत! कम ऑन! थांबू नका ताई!" एका मुलाने तर पाठीवर हात ठेवून हलकेच पुढे ढकललं. हेतू किती चांगला. मी तशीच निघालेही असते, 286 आहे म्हणजे आता काही खायला नको असं समजून. पण बोटं चिकट लागली. संत्र्याचा रस! बोटावर फळाचा रस असला की मीटर तीच साखर मोजतं. बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, कोरडे केले, दुसरी स्ट्रिप लावली. 81. आणि चढ अजून बाकी होता. ग्लुकोजच्या गोळ्या खाल्ल्या, दहा मिनिटं नुसती चालले, पुन्हा बघितलं, मग पळाले.

ती दुसरी स्ट्रिप माझ्याजवळ नसती तर काय झालं असतं, हा विचार मला मेडलपेक्षा जास्त दिवस पुरला. कारण मी ज्यांच्यासाठी पळत होते त्या मुलांकडे ती दुसरी स्ट्रिप नसते. अनेकांकडे पहिलीसुद्धा नसते.

मी पळाले ते टाइप वनच्या मुलांना इन्सुलिन आणि स्ट्रिप्स पुरवणाऱ्या एका संस्थेसाठी. तुम्ही मिळून 88 हजार रुपये दिलेत. कुणी 100 दिले, कुणी 5000. आता हिशेब करू. मी घेते ती स्ट्रिप साधारण 20 रुपयांना पडते. दिवसाला निदान चार वेळा शुगर बघायची म्हटली तर रोजचे 80 रुपये, वर्षाचे 29,200. म्हणजे 88 हजारांत तीन मुलांच्या वर्षभराच्या स्ट्रिप्स. इन्सुलिन वेगळं, सुया वेगळ्या, डॉक्टर वेगळे.

आठ महिने पहाटे साडेचारला उठून केलेली तयारी, 140 माणसांच्या देणग्या, 21 किलोमीटर. तीन मुलं, एक वर्ष. आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा शून्यापासून सुरुवात.

हे वाचून निराश होऊ नका. त्या तीन घरांसाठी ते वर्ष फार मोठं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की एका मुलाचं जगणं कुणाच्या तरी गुडघ्यांवर आणि कुणाच्या तरी फेसबुक पोस्टवर अवलंबून असू नये. या वर्षी माझा गुडघा दुखावला असता तर?

'सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं की', असं बरेच जण म्हणतात. अर्धं खरं आहे. इन्सुलिन राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. 2022 मध्ये ग्लार्जिन हे दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिनही त्या यादीत आलं. सरकारी दवाखान्यात इन्सुलिन बऱ्याचदा मिळतं. पण मला भेटलेल्या पालकांचा अनुभव असा की स्ट्रिप्स विकतच घ्याव्या लागतात. आता शुगर किती आहे ते माहीत नसताना इन्सुलिन किती घ्यायचं? अंदाजे? मोठ्या माणसाचा अंदाज चुकतो, तिथे सात वर्षांच्या पोराचं काय! घरकाम करणारी एक आई मला म्हणाली, "ताई, आम्ही सकाळचीच बघतो. रात्रीची देवावर." आणि पळापळी, खेळ झाल्यावर शुगर बऱ्याचदा रात्री झोपेतच उतरते.

दुसरा मुद्दा पैशांचा. सरकारने कुणाकुणाला पुरवायचं, टीबी आहे, डेंग्यू आहे, असं विचारलं जातं. प्रश्न योग्य आहे. पण खर्च आपण तसाही करतोच, फक्त उशिरा करतो. इन्सुलिन कमी पडलं की रक्तात आम्ल साठतं आणि मुलाला आयसीयूत न्यावं लागतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. म्हणजे मूल दाखल होण्याइतकं बिघडलं की मदतीची वाट सापडू शकते. ते बिघडू नये म्हणून लागणारी 20 रुपयांची स्ट्रिप मात्र घरच्यांच्या खिशातून. आधी दार उघडं ठेवायचं आणि मग चोरीचा पंचनामा चोख करायचा, त्यातला हा प्रकार.

आणि सगळंच पैशांचं नाही. देणगी देणाऱ्या एका आईने मेसेज केला, 'माझं नाव टॅग करू नकोस. मुलीला टाइप वन आहे हे सासरच्या लोकांना सांगितलेलं नाही, उद्या तिच्या लग्नाचं बघायचंय.' मुलगी नऊ वर्षांची आहे. दुसऱ्या एका सातवीतल्या मुलीला शाळेत सांगितलं गेलं की वर्गात इंजेक्शन घेऊ नकोस, बाकीची मुलं घाबरतात, बाथरूममध्ये जाऊन घे. आपण डबा बाथरूममध्ये खातो का? सीबीएसईने 2017 मध्येच टाइप वनच्या मुलांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं जवळ ठेवायची परवानगी दिली. म्हणजे ठरवलं तर एका परिपत्रकाने होतं, त्याला 21 किलोमीटर पळावं लागत नाही.

म्हणूनच मला 'आजारावर मात' या शब्दांची भीती वाटते. एकीने मात केली म्हटलं की बाकीच्यांची जबाबदारी त्यांच्याच गळ्यात पडते. ती पळते, मग तुझी मुलगी का रडते? मी पळते कारण माझ्या आईवडिलांना स्ट्रिप्स परवडत होत्या आणि आज मला परवडतात. त्यात माझी मेहनत आहे, नाही कशाला म्हणू? पण मेहनत ती आईही करते, जी रात्रीची शुगर देवावर सोडून झोपते.

आता मागण्या. मोठ्या नाहीत. पालिकेच्या दवाखान्यात टाइप वनच्या प्रत्येक मुलाला दरमहा इन्सुलिन, सुया आणि निदान 120 स्ट्रिप्स. प्रत्येक शाळेत किमान एका शिक्षकाला शुगर लो झाली तर काय करायचं याचं प्रशिक्षण, आणि वर्गातच शुगर बघायची, इंजेक्शन घ्यायची मोकळीक. आपल्या भागात अशी मुलं किती आहेत याची दवाखान्यात एक साधी नोंदवही, कारण आकडाच नसेल तर तरतूद कशाच्या जोरावर मागायची?

मी पालिकेला पत्र लिहिलंय. ज्यांनी 100 रुपये दिले आणि ज्यांनी 5000 दिले, त्या सगळ्यांची मला त्या पत्रावर सही हवी आहे. देणगीने तीन मुलांचं वर्ष निघालं. तुमच्या सहीने कदाचित बाकीच्यांचं निघेल, आणि दरवर्षी निघेल. सही करायची असेल तर कॉमेंटमध्ये नुसतं 'हो' लिहा, पत्र पाठवते. घरात टाइप वनचं मूल असेल आणि उघड लिहायचं नसेल तर इनबॉक्समध्ये लिहा, नाव कुठेही येणार नाही.

पुढच्या जानेवारीत मी पुन्हा पळणार आहे, गुडघ्यांनी साथ दिली तर. पेडर रोडच्या चढावर कडेला थांबलेली दिसले तर 'रुकना मत' म्हणू नका. हात धुवायला थोडं पाणी द्या.